किवी कुणाला हवी होती?



मागच्या वेळी मर्यादेच्या लाडवांवर लिहिलं तेव्हा खूप जणींनी कौतुकाचे फोन केले. आजच्या लिहिण्यावर फोन आले तर ते वेगळ्या सुरातले असतील. येऊ देत. आषाढ लागायच्या आत हे बोलून टाकायला हवं. एकदा चातुर्मासाची कलशस्थापना झाली की कुणाला ऐकायला सवड नसते, सगळ्या जणी चौक्यात असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण ताटात काय आहे ते डोळ्यांत तेल घालून तपासतो. कांदा नाही ना, बटाटा नाही ना, पीठ कधीचं, पाणी गाळलेलं आहे ना. पण ते कुठून आलं, कुणी पिकवलं आणि कुठल्या महिन्यात पिकलं, हे विचारत नाही. आणि न विचारल्यामुळे आपल्याच लेकीसुनांची शेतं आपण आपल्या चौक्याबाहेर ठेवली आहेत.

गेल्या वर्षी आमच्या भागात मुनिसंघाचा चातुर्मास होता. भाद्रपदात आठ दिवस चौक्याची जबाबदारी आमच्या गटाकडे होती आणि हिशेब माझ्याकडे. बी.कॉम. झाले १९८१ साली, नोकरी एक दिवस केली नाही, पण मंडळात वही आली की ती माझ्याकडेच सरकते. त्या आठ दिवसांतल्या एका सकाळी माझी भावजय शिरोळ तालुक्यातून पहिल्या एस.टी.नं आली. बरोबर खताच्या धुतलेल्या पोत्याची मोठी पिशवी. पिशवीत दोडकी, दोन दुधी, दहा-बारा वाळकं, तीन पपया आणि देशी केळ्यांचा अर्धा घड. साडेसातचा सुमार होता. आहाराला अजून दोन तास होते. धुऊन, शोधून, चिरून सगळं सहज झालं असतं.

मी म्हटलं, "ठेव तिथं, बघू नंतर."

ती प्रवासाच्या कपड्यांत होती, म्हणून चौक्याच्या बाहेर दाराशी उभी राहिली. आत आमची धांदल. कुणी किवी सोलतंय, कुणी ब्लूबेरी मोजून वाटीत घालतंय, कुणी लाल द्राक्षं एकेक करून पुसतंय. परदेशी द्राक्षं, भाद्रपदात, सांगलीत! तासगावच्या द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून आम्ही ही द्राक्षं आणली होती आणि त्याचं कुणाला हसूही आलं नाही. पडगाहन झालं, महाराजांचा आहार झाला. त्यांनी भाकरी, मुगाची आमटी आणि दूध घेतलं. फळांतलं दोन-तीन घास घेतलं असेल. किवीच्या चकत्या बऱ्याचशा तशाच राहिल्या.

सगळं आवरल्यावर भावजय मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, वाळकं कडू हुती व्हय?"

तिला खरंच तसं वाटलं होतं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

रात्री वही लिहायला बसले. आठ दिवसांची फळं ६,८४० रुपये. त्यात किवी, ब्लूबेरी, परदेशी सफरचंद आणि द्राक्षं मिळून ५,२६०. केळी, पपई, डाळिंब, मोसंबी १,५८०. वाटेवरच्या दुकानातून आणलेली केळी, बरं का, आणि तिच्या घडातली केळी दाराशी काळी पडत होती. मग मी तिला फोन करून विचारलं की त्या आठवड्यात दोडकी किती गेली. बावीस किलो दोडकं चौदा रुपये किलोनं गेलं होतं. ३०८ रुपये झाले, त्यातून टेम्पोभाडं ६० आणि हमाली-तोलाई २४ वजा. हातात २२४ रुपये. माझ्या वहीत त्याच पानावर ब्लूबेरीच्या एका डबीची किंमत लिहिलेली होती, २९० रुपये. डबी केवढी? आपल्या कुंकवाच्या करंड्याहून थोडी मोठी.

आता यावर पहिलं उत्तर मला पाठ आहे, कारण बैठकीत ते मी स्वतः दिलेलं आहे. "महाराजांना साधं कसं द्यायचं? उत्तमातलं उत्तम द्यायला नको का?"

द्यायला हवं. पण उत्तम म्हणजे काय हे कुणी ठरवलं? महाराज उभ्यानं, ओंजळीत, दिवसातून एकदा आहार घेतात. मागत नाहीत, बोटानं दाखवत नाहीत, हे आवडतं ते आवडतं म्हणत नाहीत. कित्येकांनी गोड, मीठ, तूप यांतलं एकेक सोडलेलं असतं. म्हणजे ताटात काय मांडायचं हा निर्णय शंभर टक्के आपला असतो. मग किवी कुणाला हवी होती? मला हवी होती. शेजारच्या गटाच्या चौक्यात ड्रॅगन फ्रूट होतं म्हणून मला किवी हवी होती, आणि त्यांना कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी तिथं ब्लूबेरी आली, मग आमच्याकडेही आली. मोबाइलवर ताटांचे फोटो फिरतात ते आपण सगळ्या जणी मोठे करून बघतो. नाही म्हणू नका.

आणि शास्त्राचंच म्हणाल, तर उद्दिष्ट आहाराचा दोष आपल्याला काय नवीन आहे? जे खास मुनींसाठी म्हणून केलं ते उद्दिष्ट. घरच्या लोकांसाठी शुद्धीनं जे शिजतं त्यातलं द्यायचं, ही मूळची रीत. आता मला सांगा, तुमच्या घरात रोज ब्लूबेरी खातात? माझ्या घरात मी ती पहिल्यांदा पाहिली ती त्या चौक्यात. दोडका मात्र आठवड्यातून दोनदा असतो. मी काही पंडित नाही, बारकावे जाणकारांना विचारा. पण घरचं आणि दारचं याचा फरक कळायला पंडित लागत नाही.

आपल्या आज्यांना महिना कुठला आहे हे कॅलेंडरवरून नाही, स्वयंपाकघरावरून कळायचं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. म्हणजे नियमच ऋतूवर बसवलेला. चातुर्मासात पालेभाजी नाही, कारण पावसात पानांवर जीवजंतू फार. म्हणून चैत्र-वैशाखात अंगणभर वाळवणं, सांडगे, गवारीच्या शेंगा वाळवून ठेवायच्या, डाळी उन्हं देऊन भरायच्या. हा सगळा व्याप आसपासच्या शेतात काय पिकतं त्यावर चालायचा. आता आपण नियम तोंडानं पाळतो आणि ऋतू विकत घेतो. पालेभाजी चार महिने सोडली म्हणून सांगतो, आणि फ्रिजरमधून माघातला वाटाणा भाद्रपदात काढतो. जात्याचं पीठ चौथ्या दिवशी चालत नाही म्हणणारी बाई पाकिटावर 'जैन' लिहिलं आहे म्हणून महिन्यांपूर्वी भरलेलं पाकीट पिशवीत टाकते. ती बाई मीच आहे, दुसऱ्या कुणाला बोलत नाही.

चौक्यासाठी पाणी आपण विहिरीचं आणतो. का? गाळल्यावर गाळणीवर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडता यावी म्हणून. दुसऱ्या विहिरीत नाही, नळाच्या मोरीत नाही, जिथलं पाणी तिथंच, तेही कडीच्या बादलीनं खाली पाण्यापर्यंत पोचवून. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाचं गाव कुठलं याची इतकी काळजी घेणारी आपली माणसं, आणि त्याच चौक्यातल्या सफरचंदाचा देश कुठला हे त्यावरच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ती चिकटपट्टी नखानं काढून टाकतो.

सफरचंदाचा विषय निघालाच आहे तर मेणाचंही सांगते. ताज्या फळांवर चकाकीसाठी आणि टिकण्यासाठी मेण लावायला आपल्या अन्नकायद्यात परवानगी आहे. कुठलं मेण? मधमाशीचं मेण, कार्नोबा नावाच्या ताडासारख्या झाडाचं मेण, आणि शेलॅक. शेलॅक म्हणजे लाख. लाखेच्या किड्यापासून होते ती. प्रत्येक फळावर असतंच असं नाही, पण लांबून आलेल्या आणि महिनोन्‌महिने शीतगृहात राहिलेल्या चकचकीत फळावर कुठलं आहे हे तुम्हाला, मला, दुकानदाराला कुणालाच बघून सांगता येत नाही. हे मी मंडळात बोलले तर एक वहिनी म्हणाल्या, "साल काढली की झालं." अहो, श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यापारांत लाखेचा व्यापार आहे. लाखेचा व्यापारी काही लाख खात नव्हता. तरी तो धंदा नको म्हटलं. मग साल काढून काय झालं?

बावीस अभक्ष्यांत 'अजाण फळ'ही आहे. ज्याची नीट ओळख नाही ते फळ खाऊ नये. माझा नातू म्हणतो, आजी, आता गूगल आहे, अजाण काही राहिलंच नाही. त्याचं त्याला लखलाभ. मला ओळख म्हणजे एवढीच कळते: झाड कुठलं, पाणी कुठलं, फवारलं काय, तोडलं कधी. भावजयीला मी हे विचारू शकते आणि विचारलंही. कारल्यावर तिनं दोनदा औषध मारलं होतं. "फवारलं की आठ दिवस तोडत न्हाई," म्हणाली. म्हणजे गावचं ते सगळं निर्दोष असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे द्राक्षबागांवर किती फवारण्या होतात ते मी लहानपणापासून बघते आहे. पण विचारायला समोर माणूस आहे. उद्या आम्ही दहा जणींनी सांगितलं की बिनफवारणीचं दे, दोन रुपये जास्त देतो, तर ती ऐकेल. किवीवाल्याला कुठं गाठणार?

ड्रॅगन फ्रूटवरून माझीच एकदा फजिती झाली, तेही सांगून टाकते. मी बैठकीत तावातावानं बोलले की हे परदेशी फळ कशाला. तर जतकडची एक सून उठून म्हणाली, "काकू, आमच्या माळावर लावलंय की! पाणी कमी लागतं." आणि खरंच, आपल्या जिल्ह्याच्या दुष्काळी भागात ते आता होतं आणि नेमकं पावसाळ्यातच फळ येतं. मी गप्प बसले. म्हणजे ते आपलं झालं, आपल्या महिन्यातलं झालं. त्यातल्या काळ्या बियांवरून, वांगं बहुबीज म्हणून सोडणाऱ्यांनी काय करायचं, तो वाद ज्याच्या त्याच्या गुरूंपाशी नेऊन मिटवा. मी फक्त गावापुरतं बोलते.

दुसरा आक्षेप असा, की शेती म्हणजे हिंसा, नांगराखाली जीव मरतात, मग शेतकऱ्याचं एवढं कौतुक कशाला. हे मला मुंबईच्या एका नातेवाईक बाईंनी ऐकवलं, हातात ॲव्होकाडोचं सँडविच होतं. ॲव्होकाडोला नांगर लागत नाही, विमान लागतं, असं त्यांना वाटत असावं. आपण कोल्हापूर-सांगलीकडचे जैन पिढ्यान्‌पिढ्या कुणबावा करणारे. भगवान ऋषभदेवांनी जी षट्कर्मं शिकवली त्यांत वाणिज्याबरोबर कृषीही आहे. कुणाच्या तरी नांगराशिवाय कुणाचंच ताट भरत नाही. लांबच्या नांगराचं पाप दिसत नाही एवढंच.

तिसरा आक्षेप मला पटण्यासारखा आहे. "आधीच कंद नाही, चातुर्मासात पाला नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही. त्यात तुम्ही बाहेरचं बंद करणार. मग करायचं काय?" विशेषतः नव्या सुनांचा हा प्रश्न खरा आहे. त्यांना दोडका म्हटलं की पाणचट भाजी आठवते, आणि ती तशी करणाऱ्या सासवा आहेतच.

तर ऐका. दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत. कोवळ्या शिरा तेलावर कुरकुरीत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ, चिमूटभर साखर. आठ दिवस पुरेल म्हणून केली तर दोन दिवसांत संपते. मर्यादेचा प्रश्नच येत नाही. पडवळ चण्याची डाळ घालून, वर ओलं खोबरं. घोसाळ्याची भजी, बटाट्याच्या भज्यांची आठवण काढणाऱ्याला ही गरम द्यायची आणि गप्प बसायचं. तांबड्या भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात, त्याचे गूळ घालून घारगे. गूळ कोल्हापूरचा, तो तर जगभर जातो आणि आपणच साखर वापरतो. वाळकाचं थालीपीठ: वाळूक किसायचं, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवायचं, वरून थेंब घालायचा नाही, ओवा आणि हिरवी मिरची. कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि लिंबू. भाद्रपदात नवे मूग येतात, त्यांची आमसूल घालून आमटी शाळूच्या भाकरीबरोबर. महाराजांनी त्या दिवशी घेतली ती हीच. द्राक्षंच हवी असतील तर तासगावचे बेदाणे भिजवा. उन्हाळ्यातली द्राक्षं पावसाळ्यात न्यायची आपली रीत तीच आहे.

मार्गशीर्ष-पौषात तर विचारूच नका. पावटा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, चाकवत, करडई, हुरडा, बोरं. त्या दिवसांत ज्या घरात ब्रोकोली दिसते तिथं मी पाणी पिऊन येते.

मी काही अतिरेकी नाही. वेलदोडे सांगलीत होत नाहीत, काजू होत नाहीत, मीठ होत नाही. काश्मिरातलं सफरचंद भाद्रपदात तिकडच्या तोडणीचं, ताजं मिळतं, कुणी आजारी असेल तर मीही आणते. पण जे आपल्या गावाबाहेर हातभर अंतरावर पिकलं आहे ते दाराशी सडतंय आणि आपण समुद्रापलीकडचं सोलतोय, यात धर्म कुठं बसतो ते मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, शिरोळ तालुका पाण्यात गेला. आपण भाकऱ्या भाजून पाठवल्या होत्या. साड्या दिल्या, भांडी दिली. भावजयीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मंडळानं पाठवलेली ताटं-वाट्या ती अजून वापरते आणि आल्यागेल्याला सांगते. पूर ओसरल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल तर चिखल वाळल्याबरोबर दोडक्याचे वेल लावले. ताटं आपण दिली. दोडका आपण कधी घेतला नाही. दान द्यायला आपला हात सैल आणि भाजी घेताना आखडता, असं का व्हावं?

आता घाई कशाची ते सांगते. माझ्या भावाचा तीन एकर ऊस आहे. उसाचं बिल त्याच्या खात्यावर जमा होतं, त्यातून सोसायटी वळती करून घेते. घरामागचे दहा गुंठे भावजय भाजीला राखते. भाजीचे पैसे रोख, तिच्या हातात. मुलीच्या वह्या-पुस्तकं, तिची स्वतःची औषधं, दहालक्षणात मंदिरात ठेवायचे पैसे, सगळं त्यातून. भाऊ म्हणतो, बावीस किलोला २२४ रुपये मिळत असतील तर त्या दहा गुंठ्यांतही आडसाली लागण करून टाकू, कटकट नको. हिशेबानं तो चुकत नाही. ती काही बोलत नाही. नवीन आडसाली लागण जुलैत होईल. एकदा कांडी लागली की ते दहा गुंठे पुढं दीड वर्ष ऊस, आणि मग खोडवा.

म्हणून येत्या रविवारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. या चातुर्मासात आमच्या गटाच्या चौक्यात परदेशी फळ आणायचं नाही. ताटांचे फोटो काढायचे नाहीत. आणि आठवड्यातून दोन वेळा भाजी-फळं आपल्याच शेतकरी घरांतल्या बायकांकडून, बाजारातल्या किरकोळ भावानं, रोख पैसे देऊन घ्यायची. दान म्हणून नाही, विकत. गेल्या वर्षीच्या ५,२६० रुपयांत आठ दिवस काय काय येतं ते मी वहीत मांडून ठेवलं आहे, बघायला देईन. माझ्या भावजयीपासून सुरू करते आहे म्हणून कुणी नाक मुरडणार असेल तर मुरडा, तुमच्याही भावजया असतीलच, त्यांची नावं घेऊन या. यादी मोठी झाली तर चांगलंच.

बैठक दुपारी तीनला, मंदिराच्या सभागृहात. वाळकाची थालीपिठं मी घेऊन येणार आहे, सूर्यास्ताच्या आत घरी पोचाल एवढ्या बेतानं.